घरी एस्प्रेसो: आधी यंत्र बदलावे की ग्राइंडर घ्यावा?

मुक्ता_स (धागाकर्ती)

नमस्कार. घरी एस्प्रेसो करण्यासाठी माझ्याकडे पंपाचे एक लहान यंत्र आहे. त्याच्या खोक्यावर '१५ बार' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, सोबत दुहेरी तळाची बास्केट (पूड भरण्याची छिद्रांची वाटी) आली आहे, आणि कॉफी मी दळलेलीच आणते.

अडचण अशी आहे की एकाच पाकिटातली पूड, तोच चमचा आणि तेच यंत्र असूनही दोन दिवसांच्या कपांची चव जुळत नाही. कधी धार भसकन येते आणि कॉफी पातळ व आंबट लागते, तर कधी ती थेंब थेंब गळते आणि जिभेवर जळका कडवटपणा रेंगाळत राहतो. आता थोडे पैसे बाजूला पडले आहेत, परंतु त्यांत एकच गोष्ट होईल: एक तर मोठे यंत्र, नाही तर चांगला ग्राइंडर. ओळखीतले लोक ग्राइंडर म्हणतात आणि विक्रेते यंत्र म्हणतात. कोणता नमुना घ्यावा हे मला विचारायचे नाही. कपातील चवीचा किती भाग कुठून येतो, हे कोणी कारणांसह समजावून सांगितले तर निर्णय माझा मी घेईन.

भास्कर_र

ग्राइंडर. कारणे बाकीचे लिहितीलच. मी केवळ मत नोंदवून जातो.

भौतिकवेडा

भास्कर यांच्या मताला अनुमोदन. कारणे लिहिण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यासारख्यांवर ढकलली आहे, असे समजून लिहितो.

आधी १५ बारविषयी. बार हे दाबाचे एकक. पंप आपल्या बळावर दाब निर्माण करतो अशी सर्वसाधारण समजूत असते, परंतु पंप केवळ पाणी ढकलतो. दाब वाढतो तो पाण्यासमोर अडथळा असल्यामुळे. रिकामी बास्केट लावून यंत्र चालू केले, तर पाणी सरळ वाहून जाते आणि दाब नगण्य राहतो. पाण्याची वाट पूर्ण बंद केल्यास तो लहान कंपनपंप जास्तीत जास्त किती दाबापर्यंत पोचू शकेल, ती मर्यादा खोक्यावर छापलेली असते. कॉफीला हवा असतो ९ बारच्या आसपासचा दाब, आणि बऱ्यापैकी यंत्रांत त्यासाठी एक झडप बसवलेली असते, जी जास्तीचे पाणी टाकीत परत सोडते. त्यामुळे १५ ऐवजी २० छापलेले यंत्र आणले म्हणून चव सुधारेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता अडथळा. तो म्हणजे बास्केटमध्ये दाबून बसवलेला कॉफीचा थर. बाकी सर्व तसेच ठेवून कणांचा व्यास निम्मा केला, तर त्या थरातून पाणी वाहण्याची क्षमता ढोबळमानाने चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे दळणात डोळ्यांना न जाणवणारा फरक पडला तरी धारेचा वेग बदलतो, पाणी कॉफीच्या सहवासात किती वेळ राहते ते बदलते, आणि म्हणून कपात काय उतरते तेही बदलते. एस्प्रेसोसाठी दळण नुसते बारीक असून भागत नाही; ते थोडे थोडे कमीजास्त करता आले पाहिजे. पाकिटातली पूड जशी आली तशीच वापरावी लागते, त्यामुळे सुधारण्याची सर्वांत मोठी सोय तुमच्या हातातच नाही.

चहाप्रेमी

मी चहा करतो. पाणी उकळते, पूड पडते, कप भरतो. हा धागा मी केवळ माझा निर्णय बरोबर होता याची खात्री पटावी म्हणून वाचत आहे. चालू द्या.

रेवती_ज

भौतिकवेडा यांचे स्पष्टीकरण पटले, परंतु ९ बार ही दगडावरची रेघ असल्यासारखे कोणी वाचू नये म्हणून थोडा इतिहास लिहिते.

तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या बळावर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) १८८४ मध्ये घेतले आणि मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये त्या कल्पनेला कपागणिक कॉफी करण्याचे रूप दिले. त्या यंत्रांतला दाब जेमतेम दीड बार असे आणि कॉफीवर आज आपण ज्याला क्रेमा म्हणतो तो सोनेरी थर नसे. अकिले गाज्जा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दट्ट्या आणि स्प्रिंग असलेले तरफेचे यंत्र आणले, तेव्हा पाण्यावरचा दाब वाफेपासून सुटा झाला आणि तो ८-९ बारपर्यंत नेता आला. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या 'ई६१' यंत्राने तरफेच्या जागी विजेचा पंप आणला आणि स्थिर ९ बार ही रूढी पक्की झाली.

लक्षात घेण्यासारखे हे, की तरफेच्या यंत्रात स्प्रिंग सैल होत जाते तसा दाबही उतरत जातो, आणि अनेक जाणकारांना तीच कॉफी अधिक गोड लागते. शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, अखेरपर्यंत ९ बारवरच राहिला पाहिजे, असा काही नियम नाही. ६ बारवर उत्तम कॉफी करणारे लोकही आहेत.

तटस्थ

या सगळ्यात मोका पॉटचे नाव कोणीच काढले नाही याचे आश्चर्य वाटते. १९३३ पासून घराघरांत शेगडीवर चालणारे हे भांडे आहे. त्यात पंप नाही, झडपेचे समायोजन नाही, आणि निम्मी कटकट नाही. धागाकर्तीने दोन्ही खर्च वाचवावेत.

रेवती_ज

@तटस्थ, मोका मलाही आवडतो आणि सकाळी घाईच्या वेळी मी तोच चढवते. तथापि त्यातला दाब एक-दोन बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्यातून येते ती दाट, कडक कॉफी, एस्प्रेसो नव्हे. प्रश्न एस्प्रेसोचा आहे. मोका कमी दर्जाचा ठरतो असे मात्र मी म्हणत नाही.

तटस्थ

शेवटचे वाक्य लिहिलेत म्हणून माघार घेतो.

मुक्ता_स (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. दोन शंका आहेत. माझ्या बास्केटला आत अनेक छिद्रे आणि बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र आहे. त्यातून फेस तर भरपूर येतो. मग माझ्या कॉफीवर क्रेमा आहे असे म्हणावे का? आणि वजनकाटा खरोखर लागतो का, की चमच्याने भागते?

अनिकेत_व

दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये अडथळा कॉफीचा नसतो, त्या एका छिद्राचा असतो. दाब तिथे तयार होतो, द्रव त्या छिद्रातून जोराने बाहेर पडताना हवा आणि वायू घुसळले जातात आणि फेस दिसतो. भरड दळणातून आणि जुन्या पुडीतूनही तो येतो, म्हणूनच दळलेली कॉफी वापरणाऱ्यांसाठी ती बास्केट दिलेली असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु दळण बदलल्याचा परिणाम ती बऱ्याच अंशी झाकून टाकते. तुम्ही उद्या कितीही चांगला ग्राइंडर आणला आणि बास्केट हीच ठेवली, तर त्या खर्चाचा उपयोग अर्धवटच होईल. म्हणून ग्राइंडरबरोबर त्याच मापाची साधी, एकेरी तळाची बास्केट घ्यावी. माप मात्र नीट पाहावे. व्यावसायिक यंत्रांत ५८ मिलिमीटर रूढ आहे, घरगुती यंत्रांत ५१, ५३, ५४ अशी बरीच मापे आढळतात.

वजनकाट्याविषयी माझे उत्तर ठाम आहे: ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा ग्राइंडरच्याही आधी घ्यावा. पूड किती सैल किंवा घट्ट भरली यावर एका चमच्यातले वजन सहज एक-दोन ग्रॅमने बदलते, आणि तुमच्या दोन दिवसांच्या कपांतील फरकाचा मोठा वाटा तिथेच असण्याची शक्यता आहे.

शाल्मली

काट्याच्या मुद्द्याला जोडून पद्धत लिहिते, कारण काटा घेऊन पुढे काय करायचे हे बहुतेक ठिकाणी घाईने सांगितलेले असते.

सुरुवातीला कॉफीचे वजन एकच धरावे. बास्केट दुहेरी मात्रेची असेल तर साधारण १६ ते १८ ग्रॅम, आणि बास्केटवर माप कोरलेले असेल तर तेच. कप काट्यावर ठेवून बाहेर येणाऱ्या द्रवाचेही वजन करावे आणि ते कॉफीच्या दुप्पट झाले की यंत्र बंद करावे, म्हणजे १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो. मिलिलिटरमध्ये मोजू नये, कारण ताज्या कॉफीचा फेस पुष्कळ जागा अडवतो आणि डोळ्यांची फसगत होते. याला किती सेकंद लागले ते पाहावे. पंचवीस ते तीसच्या आसपास लागले, तर चव घेऊन पुढचा विचार करावा. पंधरा सेकंदांतच उरकले तर दळण एक पायरी बारीक करावे. पंचेचाळीस लागले तर एक पायरी भरड करावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सर्वांत महत्त्वाचे. दळणही बारीक केले, मात्राही वाढवली आणि दाबही जास्त दिला, तर चव सुधारली तरी ती कशामुळे सुधारली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच चव आणता येत नाही.

चव ओळखताना ढोबळ नियम असा की टोचणारा आंबटपणा, पातळपणा आणि चव लगेच विरून जाणे हे कॉफीतले पुरेसे घटक न उतरल्याचे लक्षण असते. कोरडा, घसा धरणारा कडवटपणा हे प्रमाणाबाहेर उतरल्याचे. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, आणि साधारण १८ ते २२ टक्के उतरला की चव जमून येते, असे मानले जाते.

सुहास०९

शाल्मली यांची पद्धत योग्य आहे, तथापि आंबट म्हणजे कमी उतरलेली, हे समीकरण सरसकट लावू नये. बिया कमी भाजलेल्या असतील तर त्यांत मूळचीच आम्लता अधिक असते, आणि ती उत्तम प्रकारे उतरवली तरी फळासारखी आंबटसर लागणारच. ज्यांना ती आवडत नाही त्यांनी दळण बारीक करत बसण्यापेक्षा मध्यम किंवा त्याहून किंचित गडद भाजलेल्या बिया घ्याव्यात. नवशिक्यांना तर मी हेच सुचवीन, कारण गडद भाजलेल्या बिया लवकर विरघळतात आणि यंत्राच्या मर्यादा पोटात घालतात.

दुसरे म्हणजे पाकिटावर भाजण्याची तारीख असलेल्याच बिया घ्याव्यात. भाजताना बियांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो हळूहळू निघून जातो. अगदी भाजल्या-भाजल्या वापरल्या तर वायू इतका असतो की धार अडखळते आणि क्रेमा फुगतो. फार जुन्या झाल्या की क्रेमा पातळ होतो आणि सुवासही उडतो. एस्प्रेसोसाठी भाजल्यानंतर एक-दोन आठवडे थांबून पुढचे काही आठवडे त्या वापराव्यात. दळल्यानंतर मात्र हाच वायू आणि सुवास पाहता पाहता निघून जातो. ग्राइंडर आधी घ्यावा याचे मला हे दुसरे कारण वाटते, आणि ते भौतिकवेडा यांच्या कारणाइतकेच वजनदार आहे.

इंद्रायणी_प

पात्याचा ग्राइंडर घरी असेल तर चालेल का?

भौतिकवेडा

एस्प्रेसोसाठी चालणार नाही. पात्याने दाणे दळले जात नाहीत, फुटतात. त्यामुळे पिठासारखी भुकटी आणि जाडसर तुकडे एकाच भांड्यात तयार होतात आणि जास्त वेळ फिरवले तरी हे प्रमाण आटोक्यात येत नाही. बर ग्राइंडरची रचना जात्याच्या दोन तळ्यांसारखी असते: दोन दातेरी पृष्ठभागांमधले अंतर ठरलेले असते आणि त्या अंतराहून मोठा कण बाहेर पडू शकत नाही. अंतर जितक्या सूक्ष्म पायऱ्यांनी बदलता येईल तितका तो ग्राइंडर एस्प्रेसोला उपयोगी. केवळ फिल्टर कॉफीसाठी बनवलेल्या काही ग्राइंडरांत दोन पायऱ्यांमधले अंतर इतके असते की एका पायरीवर पंधरा सेकंद आणि पुढच्या पायरीवर धारच बंद, असा प्रकार होतो. विकत घेताना हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

जुना_वाचक

हाताने फिरवायच्या ग्राइंडरचा उल्लेख राहिला आहे. विजेची मोटर, तिचे आवरण आणि मंडल यांचा खर्च नसल्यामुळे त्याच रकमेत चांगल्या प्रतीचे बर मिळतात. १८ ग्रॅम बारीक दळताना दंडाला व्यायाम होतो, हा तोटा की नफा हे ज्याचे त्याने ठरवावे. घरात दोघांहून अधिक कॉफी पिणारे असतील तर मात्र विजेचाच घ्यावा, अन्यथा पाहुणे आले की यजमान दिसेनासा होतो.

अनिकेत_व

दळण आणि मात्रा सांभाळूनही चव डळमळत असेल तर तिसरे कारण तपासावे, ते म्हणजे थरात पडणाऱ्या वाटा. पूड बास्केटमध्ये गुठळ्यांसकट किंवा एका बाजूला जास्त पडली, तर दाबाखालचे पाणी सर्वांत सैल जागा शोधते आणि तिथूनच वाहते. त्या वाटेवरची कॉफी नको तितकी उतरते, बाजूची जवळपास कोरीच राहते, आणि कप एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. मुक्ता यांच्याकडे 'भसकन' येणाऱ्या धारेचे हे एक संभाव्य कारण आहे.

उपाय साधा आहे. बारीक सुयांच्या लहान साधनाने पूड तळापासून ढवळून गुठळ्या मोडाव्यात, वरचा पृष्ठभाग समतल करावा आणि मग टॅम्परने (पूड दाबण्याच्या सपाट दट्ट्याने) सरळ दाबावे. दाब नेमका किती किलोचा, यावर पूर्वी पुष्कळ चर्चा होत असे. पूड दबायची थांबेपर्यंत दाबले की पुरे. टॅम्पर तिरका न होणे हे जोर लावण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

चहाप्रेमी

सुया, काटा, टॅम्पर. कॉफी करायची आहे की शस्त्रक्रिया?

शाल्मली

@चहाप्रेमी, भूल देत नाही, उलट उतरवतो.

विभावरी

या विषयावर एक संशोधन आठवते. २०२० मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात एस्प्रेसोच्या गणिती प्रतिमानाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. दळण बारीक करत गेले की अधिक उतरते, हे ठरावीक मर्यादेपर्यंतच खरे आहे, त्यापुढे थराचे काही भाग तुंबतात, पाणी असमान वाहू लागते आणि एकूण उतारा (कपात उतरणारा कॉफीचा अंश) उलट घटतो, असे त्यात दाखवले होते. म्हणून त्या संशोधकांनी कॉफी २० ऐवजी १५ ग्रॅम घ्यावी, ती थोडी भरड दळावी आणि शॉट कमी वेळात संपू द्यावा, असे सुचवले. कपांमधला फरक त्यामुळे कमी होतो आणि कॉफीही वाचते.

त्याच नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या एका निबंधात दळण्यापूर्वी बियांवर काही थेंब पाणी टाकल्यास स्थिर विद्युत कमी होते, गुठळ्या कमी होतात आणि बारीक दळलेल्या कॉफीचा उतारा वाढतो, असे मांडले होते. चमच्याची मागची दांडी ओली करून बिया ढवळल्या तरी काम होते. खर्च शून्य असल्यामुळे करून पाहावे.

सुहास०९

कमी वेळाचा शॉट मी करून पाहतो अधूनमधून. चव स्वच्छ येते, पण अंगाने हलकी. कॉफीच्या दाटपणासाठीच एस्प्रेसो पिणाऱ्याला ती कमी वाटेल. शिवाय दुधात ती हरवते. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या प्रमाणात ७ ग्रॅम कॉफी, सुमारे २५ सेकंद आणि क्रेमासह सुमारे २५ मिलिलिटर असे धरले आहे, आणि त्या मोजमापाला धरून केलेला मध्यम भाजणीचा शॉट मला अजूनही अधिक भरीव लागतो. संशोधनातून कळते ते सातत्य कशाने येते. आवड कोणती असावी ते नव्हे.

विभावरी

मान्य. सातत्याचा प्रश्न मूळ धाग्यातच असल्यामुळे लिहिले.

जुना_वाचक

पाण्याविषयी कोणीच लिहिले नाही. कपातल्या एस्प्रेसोचा सुमारे नव्वद टक्के भाग पाणीच असतो, आणि यंत्र बिघडण्याचे मुख्य कारणही पाण्यातले क्षार असतात. जड पाण्याने बॉयलरमध्ये आणि बारीक नळ्यांत पापुद्रा धरतो, तापमान चुकू लागते आणि एक दिवस झडप अडकते. म्हणून काहीजण ऊर्ध्वपातित पाणी भरण्याची शक्कल लढवतात, पण तेही टाळावे. ज्या यंत्रांत बॉयलरमधील पाण्याची पातळी विजेच्या वहनावरून ओळखली जाते, तिथे क्षारविरहित पाणी संवेदकाला दिसतच नाही, आणि अशा पाण्याची कॉफीही सपक लागते. किंचित कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि थोडी आम्लता शोषून घेण्याची क्षमता असलेले मध्यम पाणी सर्वांत चांगले.

माझ्या जुन्या यंत्राच्या पुस्तिकेत क्षार काढण्याविषयी एकच ओळ होती आणि दुरुस्ती केंद्राने तीही वाचायला लावली नाही. थेट नवा बॉयलर सुचवला. सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते यंत्र पुन्हा चालू झाले. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र आम्ल किती तीव्र आणि किती वेळ ठेवायचे ते उत्पादकाच्या सूचनेनुसारच ठरवावे.

इंद्रायणी_प

आमच्याकडे सगळे दूध घालूनच पितात. मग एवढ्या काटेकोरपणाचा फरक कपात जाणवतो का?

रेवती_ज

जाणवतो, पण कमी. दूध आंबटपणाही झाकते आणि कडवटपणाही, त्यामुळे दुधाच्या कॉफीत शॉट दाट आणि ठळक असणे पुरेसे ठरते. तिथे काळजी दुधाचीच अधिक घ्यावी लागते. वाफेची नळी सुरुवातीच्या काही सेकंदांत पृष्ठभागाजवळ ठेवून हवा आत घ्यावी, नंतर ती थोडी खाली नेऊन दूध गोल फिरू द्यावे, आणि ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान थांबावे. सत्तरच्या पुढे गेले की दुधाला शिजल्याचा वास येतो आणि गोडवा मागे पडतो. नळी वापरून होताच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी, अन्यथा दूध आत सुकून बसते.

तटस्थ

आता मी मूळ प्रश्नाकडे वळतो, आणि येथे सर्वांचे एकमत झाल्याचे दिसत असल्यामुळे सवयीने विरोध नोंदवतो.

ग्राइंडर आधी, हे खरे. परंतु यंत्राला काहीच महत्त्व नाही असा सूर लागला आहे, तो बरोबर नाही. कॉफीवर पडणारे पाणी साधारण ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान हवे असते. स्वस्त यंत्रांतील साधा थर्मोस्टॅट बॉयलर बराच तापवून बंद होतो आणि बराच निवेपर्यंत पुन्हा चालू होत नाही, त्यामुळे त्या चक्रात तुम्ही नेमके कधी बटण दाबता यावर पाण्याचे तापमान अवलंबून राहते. पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवण्याची दांड्याची पकड, थंड असेल तर आणखी काही अंश तिथेच जातात. मुक्ता यांच्या कधी आंबट, कधी कडू कॉफीचे हेही कारण असू शकते, आणि ग्राइंडर त्यावर काही करू शकत नाही.

अनिकेत_व

तटस्थ यांचा हा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी नवे यंत्र घेण्यापूर्वी फुकटचे उपाय करून पाहावेत. यंत्र पोर्टाफिल्टर लावूनच तापवावे, दिवा लागल्यावरही दहा-पंधरा मिनिटे थांबावे, शॉटपूर्वी थोडे पाणी नुसते सोडावे, आणि दिवा ज्या क्षणी विझतो किंवा लागतो तो एकच क्षण दर वेळी धरून त्यानंतर ठरावीक सेकंदांनी शॉट सुरू करावा. तापमान नेमके किती आहे हे कळले नाही तरी ते दररोज सारखे राहील, आणि सारखे राहिले की बाकीचे दळणाने जुळवता येते. लहान बॉयलरऐवजी तापक ठोकळा असलेली यंत्रे लवकर तापतात, त्यांना एवढे थांबावे लागत नाही; पोर्टाफिल्टर मात्र त्यांतही गरम करून घ्यावा.

यंत्रावर खर्च केव्हा करावा? लागोपाठ चार-पाच दुधाचे कप करायचे असतील तेव्हा. एकाच बॉयलरच्या यंत्रात कॉफीनंतर वाफेसाठी तापमान वाढवावे लागते आणि पुढच्या कॉफीसाठी ते पुन्हा उतरवावे लागते. ती कसरत दोन बॉयलर किंवा उष्णता-विनिमयक असलेल्या यंत्रातच टळते.

तटस्थ

दुसऱ्यांदा माघार. हा धागा माझ्या प्रतिमेसाठी हानिकारक ठरत आहे.

मुक्ता_स (धागाकर्ती)

मधल्या काळात काटा घेतला आणि जुन्याच पुडीवर शाल्मली यांच्या पद्धतीने मोजून पाहिले. माझ्या 'एका सपाट चमच्यात' कधी सहा, तर कधी आठ ग्रॅम भरत होते. वजन ठरवून घेतल्यावर कप बऱ्यापैकी जुळू लागले, मात्र चव पाकिटावरच अडकून राहिली. त्यामुळे हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि एकेरी तळाची बास्केट घेतली आहे. उरलेले पैसे बियांसाठी राखून ठेवले. यंत्र तेच आहे.

पहिल्याच दिवशी धार पूर्ण बंद पडली, कारण दळण अतिशय बारीक झाले होते. पायरी पायरीने भरड करत आता १६ ग्रॅममधून ३२ ग्रॅम सुमारे सत्तावीस सेकंदांत येतात. अनिकेत यांनी सांगितल्याप्रमाणे दिवा विझल्यापासून मोजूनच शॉट सुरू करते. आंबटपणा गेला आहे. किंचित कडवटपणा आहे, परंतु तो मला आवडतो.

एक शंका उरली आहे. शॉटनंतर पोर्टाफिल्टर काढला की चोथ्याच्या मधोमध स्क्रूचा ठसा उमटलेला दिसतो, आणि कधी कधी चोथा वरच्या जाळीलाच चिकटून राहतो. यात काही बिघडले आहे का?

शाल्मली

बिघडलेले नाही, बास्केटमध्ये कॉफी थोडी जास्त होत आहे. भिजल्यावर थर फुगतो आणि जाळीला टेकतो. मात्रा अर्ध्या ग्रॅमने कमी करून पाहावी आणि शॉट पूर्वीपेक्षा वेगाने आला तर दळण त्या प्रमाणात किंचित बारीक करावे. पूड दाबून झाल्यावर तिच्यावर एक नाणे ठेवून पोर्टाफिल्टर लावावा आणि पाणी न सोडता लगेच काढावा. नाण्याचा ठसा पुडीत रुतला तर अजून कमी करावी लागेल.

अनिकेत_व

त्याच वेळी जाळीचा स्क्रू काढून जाळी मागच्या बाजूने पाहून घ्यावी. तेलकट काळा थर असेल तर गरम पाण्यात कॉफीयंत्रासाठी मिळणारी भुकटी विरघळवून जाळी त्यात भिजत ठेवावी आणि ब्रशने घासावी. उरलेला कडवटपणा तिथलाही असू शकतो.

मुक्ता_स (धागाकर्ती)

जाळी काढली. अनिकेत यांच्या शंकेला पुरावा मिळाला आहे; सध्या ती भिजत पडली आहे. मात्रा उद्यापासून साडेपंधरा.